किडनी बिघडली असेल तर आतड्याकडेही बघा: जिवाणू, दाह आणि रोजच्या सवयी

किडनी निकामी झाली की रक्तात विषारी द्रव्यं साचतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती येतात कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. 2011 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डायलिसिसवरच्या रुग्णांचे दोन गट तपासले. एका गटाचं मोठं आतडं जागच्या जागी होतं, दुसऱ्या गटातल्या लोकांचं ते आधीच शस्त्रक्रियेने काढलेलं होतं. किडन्या दोन्ही गटांच्या गेलेल्या. तरी इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट ही दोन विषद्रव्यं पहिल्या गटाच्या रक्तात भरपूर सापडली आणि दुसऱ्या गटात जवळजवळ नाहीतच. म्हणजे तुंबलेल्या गाळणीमागे जी घाण साचते, तिच्यातला एक भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू तयार करत असतात.

तुंबलेली गाळणी मोकळी करणं आपल्या हातात फारसं नसतं. घाण किती तयार व्हावी, यावर मात्र थोडाफार ताबा ठेवता येतो. 'थोडाफार' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आतडं सुधारलं की किडनी पूर्ववत होते, असं कुणी सांगत असेल तर तो बहुधा काहीतरी विकायला बसलेला असतो. इथे आपण बघणार आहोत ते एवढंच, की दीर्घकालीन किडनीविकार असलेल्या माणसाने आतड्याच्या बाजूने काय करावं, कुठल्या क्रमाने करावं आणि कशाच्या नादी लागू नये.

आधी यंत्रणा

ही समजली नाही तर पुढच्या सूचना नुसत्या पथ्याच्या यादीसारख्या वाटतील.

आपण खाल्लेली प्रथिनं बहुतेक लहान आतड्यातच पचतात. जी उरतात ती मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू ती कुजवतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ते इंडोल करतात, यकृत त्याचं रूपांतर इंडॉक्सिल सल्फेटमध्ये करतं. टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल होतं, त्याचं पुढे पॅरा-क्रेसिल सल्फेट. तांबडं मांस आणि अंड्याचा बलक यांत असलेल्या कार्निटाइन आणि कोलीनपासून जिवाणू एक वायू तयार करतात, आणि यकृतात त्याचं टीएमएओ नावाचं द्रव्य होतं. धमन्यांच्या आजाराशी त्याचं नाव जोडलं गेलेलं आहे.

धडधाकट किडनी हा माल रोजच्या रोज बाहेर फेकते. पहिली दोन द्रव्यं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून फिरतात, 90 टक्क्यांहून जास्त भाग चिकटलेलाच असतो. त्यामुळे ती नुसती गाळून निघत नाहीत. किडनीच्या नलिकांमधल्या पेशींना ती ओढून लघवीत टाकावी लागतात. डायलिसिसच्या पडद्याला हे ओढण्याचं काम येत नाही. युरिया तो सहज काढतो, चिकटलेली द्रव्यं काढताना मात्र त्याची दमछाक होते. म्हणूनच ती मुळात कमी तयार व्हावीत, या दिशेने विचार सुरू झाला.

आता उलटी बाजू. किडनी मंदावली की रक्तात युरिया वाढतो आणि तो आतड्यातही झिरपतो. युरियावर जगणारे जिवाणू त्याचा अमोनिया करतात. आतड्यातली आम्लता कमी होते आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी शिवणारे टाके सैल पडतात. त्या फटींतून जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात शिरतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना हे तुकडे म्हणजे शत्रूची खूण वाटते, आणि ताप नाही, जखम नाही, तरी आत दाह धुमसत राहतो. रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे दाहाची खूण दाखवणारा आकडा, थोडा वाढलेला दिसतो, इतकंच.

हा धुमसता दाह काय काय करतो? यकृताला हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक जास्त बनवायला लावतो, त्यामुळे लोह साठ्यातच अडकतं आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. भूक मारतो, स्नायू झिजवतो. धमन्या कडक करतो; किडनीविकार असलेल्या कितीतरी लोकांना डायलिसिसच्या आधीच हृदयविकार गाठतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. शिवाय किडनीच्या उरल्यासुरल्या भागावर व्रण वाढवतो. किडनीमुळे आतडं बिघडतं, आतड्यामुळे किडनी, असं हे चक्र आहे.

या चक्राला खीळ घालणारेही आतड्यातच राहतात. तंतुमय पदार्थ, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो, आंबवून जगणारे जिवाणू ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य इंधन. ते मिळालं की टाके घट्ट राहतात आणि पहारेकरीही शांत होतात. दुर्दैवाने, किडनीच्या रुग्णाला पोटॅशियमच्या भीतीने फळं, भाज्या, डाळी बंद करायला सांगितलं जातं, आणि नेमके हेच जिवाणू उपाशी मरतात.

पहिली पायरी: आपण कुठे आहोत ते कागदावर लिहा

आहार बदलण्याआधी पाच आकडे जवळ ठेवा: ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज), लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन (स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य) यांचं गुणोत्तर, रक्तातलं पोटॅशियम, बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता आवरणारा घटक) आणि फॉस्फरस. पहिल्या दोनांवरून आजाराची पायरी कळते. ईजीएफआर 60 च्या खाली, किंवा लघवीतलं ते गुणोत्तर 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर, आणि हे 3 महिन्यांहून जास्त टिकलेलं असेल तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर पुढे सांगितलेला आहाराचा प्रत्येक बदल आहारतज्ज्ञाला विचारूनच करा.

तिसऱ्या आकड्यावर, म्हणजे पोटॅशियमवर, चोथा कुठून मिळवायचा हे ठरतं. एका तपासणीवर जाऊ नका. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी तो आकडा खोटा वाढतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: आजाराचं कारण. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, जन्मजात दोष, की आयजीए नेफ्रोपथी? या शेवटच्या आजारात आतड्याचा संबंध फार थेट आहे. त्यात किडनीत अडकणारी सदोष आयजीए प्रतिपिंडं बऱ्याच अंशी आतड्याच्या अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींशी निगडित असल्याचं मानलं जातं. म्हणून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊन उलगडणारं ब्युडेसोनाइड हे औषध तयार झालं, आणि डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला पहिली मंजुरी दिली. आतडं आणि किडनी यांच्या नात्यावर उभं राहिलेलं औषध बघायचं असेल तर ते हे. बाकीच्या किडनीविकारांत आतड्यावर असं नेम धरून मारणारं काही अजून हाती नाही.

विष्ठेतल्या जिवाणूंची महागडी तपासणी करून घ्यावी का? माझं उत्तर नाही असं आहे. अहवालात रंगीत वर्तुळं येतात, पण त्यावरून उपचार बदलता येतील असं आज काही नाही. इंडॉक्सिल सल्फेटही नेहमीच्या प्रयोगशाळेत मोजत नाहीत.

दुसरी पायरी: कोठा साफ होतो का, ते बघा

मला विचाराल तर सुरुवात इथून करावी, कारण फायदा सगळ्यात लवकर इथेच दिसतो आणि दुर्लक्षही सगळ्यात जास्त इथेच होतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर शौचाची गोष्ट काढायला माणूस लाजतो, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

मल जितका वेळ आतड्यात थांबतो, तितका जिवाणूंना प्रथिनं कुजवायला वेळ मिळतो. चोथा आधी संपतो, मग ते प्रथिनांकडे वळतात. शिवाय किडनी मंदावली की शरीर जास्तीचं पोटॅशियम मोठ्या आतड्यातून बाहेर टाकायला लागतं. बद्धकोष्ठ झालं की तो रस्ताही अडतो. आहारात काही बदललं नसताना पोटॅशियम वाढलं असेल, तर गेल्या आठवड्यात पोट कितीदा साफ झालं हे स्वतःला विचारा.

अमेरिकेतल्या 35 लाख माजी सैनिकांच्या नोंदींवरून 2017 साली निघालेल्या अभ्यासात, बद्धकोष्ठ असलेल्यांमध्ये नव्याने किडनीविकार होण्याचं प्रमाण 13 टक्क्यांनी जास्त आढळलं. बद्धकोष्ठामुळेच किडनी बिघडली असं यावरून सिद्ध होत नाही. कमी पाणी, कमी चोथा, कमी हालचाल ही दोन्हींची सामायिक कारणं असू शकतात. पण दुर्लक्ष करण्यासारखा हा आकडा नाही.

दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. रोज दोनच गोष्टी लिहायच्या: शौचाला झाली का, आणि मल कसा होता. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात, 1 ते 7 असे प्रकार. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 4 म्हणजे मऊ आणि गुळगुळीत, 7 म्हणजे निव्वळ पाणी. आपलं लक्ष्य 3 ते 4, दिवसाला एकदा किंवा निदान दिवसाआड. नेहमी 1 किंवा 2 येत असेल, तर रोज शौचाला होत असलं तरी ते बद्धकोष्ठच.

उपाय करताना क्रम असा ठेवा. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत शौचालयात जाऊन बसण्याची ठरलेली वेळ. जेवणाने आतड्याला मिळणारा धक्का तेव्हा सगळ्यात जोराचा असतो. पायाखाली छोटं स्टूल, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. रोजचं चालणं. पाणी, पण पाण्यावर बंधन नसेल तरच. अंगावर सूज असेल किंवा डायलिसिस सुरू असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेलंच पाळायचं.

एवढ्याने भागलं नाही तर रेचक. लॅक्ट्युलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल किडनीच्या रुग्णांत सहसा वापरता येतात. लॅक्ट्युलोज तर जिवाणूंचं खाद्यही बनतं आणि आतड्यातली आम्लता वाढवतं. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं, पाण्यावर बंधन असलेल्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होऊ शकतो. मॅग्नेशियम असलेली रेचकं टाळा, कारण मंद किडनीला ते मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही. सोडियम फॉस्फेटचं रेचक किंवा एनिमा तर अजिबात नको. त्याने किडनीला अचानक इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. पोट 'धुऊन काढणारे' जुलाबाचे उपचारही याच यादीत. जुलाबाने शरीरातलं पाणी जातं, रक्तदाब पडतो आणि आधीच थकलेली किडनी आणखी मार खाते.

तिसरी पायरी: चोथा वाढवा, पण हळू

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान 25 ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ सुचवते. किडनीचे बरेच रुग्ण याच्या जवळपासही नसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरून 2012 साली असं दिसलं, की रोजच्या आहारात चोथा 10 ग्रॅमने जास्त असेल तर सीआरपी वाढलेला असण्याची शक्यता किडनीविकार नसलेल्यांत 11 टक्क्यांनी कमी होती, आणि किडनीविकार असलेल्यांत 38 टक्क्यांनी. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. तरी फरक बोलका आहे.

आज तुमच्या पोटात किती चोथा जातो, ते आधी तीन दिवस मोजा. पॅकेटवरचं लेबल आणि अन्नघटकांचा कुठलाही विश्वासू तक्ता पुरतो. समजा आकडा 12 निघाला. उद्यापासून 25 करायचा नाही. दर आठवड्याला 3 ते 4 ग्रॅम वाढवा. एकदम वाढवलं की पोट फुगतं, वात सरतो आणि माणूस चौथ्या दिवशी सगळं सोडून देतो. जिवाणूंची वस्ती बदलायला वेळ लागतो.

कुठून वाढवायचं, हे पोटॅशियमच्या आकड्यावर.

पोटॅशियम 5 च्या आत (लिटरमागे मिलिमोल) असेल तर फारसं बंधन नाही. डाळी आणि कडधान्यं, साल न काढलेली धान्यं, ओट्स, सालीसकट सफरचंद किंवा पेर, कोबी, फरसबी. शिजवून थंड केलेल्या भातात किंवा बटाट्यात स्टार्चचा काही भाग पचायला जड होतो आणि चोथ्यासारखाच मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा न पचणाऱ्या स्टार्चने किडनीतला दाह आणि व्रण दोन्ही कमी झाले होते. माणसांत अजून तितकं ठाम काही नाही, पण थंड भात खायला तक्रार कसली?

पोटॅशियम 5 ते 5.5 च्या मध्ये असेल तर आधी फळांकडे बोट दाखवू नका. पाच संशयित आहेत: बद्धकोष्ठ, रक्तातली वाढलेली आम्लता, रक्तदाबाच्या काही गोळ्या, ताब्यात नसलेली साखर, आणि 'कमी सोडियमचं मीठ'. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. कितीतरी जण ते आरोग्यदायी समजून घेतात आणि पोटॅशियम वाढवून बसतात. तयार पदार्थांतले पोटॅशियमयुक्त टिकाऊ घटकही बघा. हे सगळं तपासून मग भाज्यांकडे वळा: भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी फेकून द्या. पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो, चोथा मात्र बहुतेक शिल्लक राहतो. कडधान्यं भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात शिजवा. फळांचे रस बंद, कारण रसात पोटॅशियम सगळं येतं आणि चोथा गाळणीत राहतो.

5.5 च्या वर असेल तर चोथ्याचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन. 6 च्या पुढचा आकडा दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नसतो.

कमरख हे फळ किडनीच्या रुग्णाने कधीच खाऊ नये, पोटॅशियम कितीही असो. त्यातलं मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष किडनीवाटेच बाहेर पडतं. ते साचलं की न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, इथपर्यंत मजल जाते.

फॉस्फरसची भीतीही डाळी-धान्यांच्या बाबतीत थोडी जास्तच आहे. त्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि माणसाच्या आतड्यात निम्म्याहून कमीच शोषला जातो. उलट प्रक्रिया केलेलं मांस, चीज, कोला यांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ पूर्ण रक्तात जातो. लेबलवर 'फॉस्फ' अक्षरं असलेला घटक दिसला की ते पाकीट परत ठेवा.

चौथी पायरी: प्रथिनं मोजा आणि चोथ्याशी त्यांचं गुणोत्तर काढा

डायलिसिसवर नसलेल्या, तिसऱ्या टप्प्यापासून (ईजीएफआर 60 च्या खाली) पुढच्या रुग्णांसाठी किडनीविकाराच्या 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.8 ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत, आणि आजार वाढण्याचा धोका असेल तर 1.3 ग्रॅमच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. 60 किलोच्या माणसाला हे 48 ग्रॅम होतात. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं. तेव्हा 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं वाहून जातात. वयस्कर, अशक्त, वजन उतरत असलेल्या माणसानेही प्रथिनं कमी करू नयेत; किडनी वाचवता वाचवता माणूस अंथरुणाला खिळतो.

मला जास्त उपयोगी वाटतो तो दुसरा आकडा: दिवसाची प्रथिनं भागिले दिवसाचा चोथा. किडनीच्या रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात हे गुणोत्तर जितकं जास्त, तितकी वर सांगितलेली दोन्ही विषद्रव्यं रक्तात जास्त असल्याचं दिसलं होतं. उदाहरण घ्या. 60 किलोचा माणूस दिवसाला 75 ग्रॅम प्रथिनं आणि 12 ग्रॅम चोथा खातो. गुणोत्तर 6 च्या वर. त्याने प्रथिनं 48 वर आणली आणि चोथा 24 वर नेला, तर ते 2 वर येतं. दोन आकड्यांमागे धावण्यापेक्षा एकच पाळणं सोपं. कुठल्याही संस्थेने याची अधिकृत मर्यादा ठरवलेली नाही, स्वतःची प्रगती बघण्यापुरतंच ते वापरा.

यातली मेख अशी, की प्राणिज प्रथिनांच्या जागी थोडी डाळ-कडधान्यं आणली की अंश घटतो आणि छेद वाढतो. तांबडं मांस कमी केलं की कार्निटाइनही कमी होतं. ताकद वाढवण्यासाठी विकत मिळणारी प्रथिनांची पावडर मात्र गुणोत्तर क्षणात बिघडवते. एका डब्यात प्रथिनं ढीगभर, चोथा शून्य.

मीठ रोज 5 ग्रॅमच्या आत. त्याचं कारण रक्तदाब आणि सूज. आतड्याशी त्याचा संबंध दुय्यम आहे, म्हणून इथे जास्त खोलात जात नाही.

पाचवी पायरी: औषधांची पिशवी उलटी करा

घरातली सगळी औषधं, दुकानातून स्वतः आणलेलीसुद्धा, टेबलावर मांडा आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे न्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या एका दगडात दोन पक्षी मारतात: आतड्याचं अस्तर सोलतात आणि किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे गोळ्या वर्षानुवर्षं कारण नसताना चालू असतात. पोटातलं आम्ल कमी झालं की आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, आणि या गोळ्यांनी काही जणांच्या किडनीला सूज येते. पण अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्याच गोळ्या गरजेच्या असतात. म्हणून स्वतःहून बंद करू नका, 'ही अजून लागते का?' एवढं विचारा.

लोहाच्या गोळ्यांनी आणि फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. लोह शिरेतून देता येतं, फॉस्फरसची गोळी बदलता येते. अँटिबायोटिक सर्दी-पडशाला नको. लागेल तेव्हा मात्र डॉक्टरांनी दिलेला डोस आणि दिवस पाळा. मूळ घटक न सांगणाऱ्या जडीबुटीच्या पुड्या बाजूला काढा. अरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी किडनी कायमची गेल्याचं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग झाल्याचं पक्कं सिद्ध झालेलं आहे.

एक महत्त्वाची गोष्ट. रक्तदाबाच्या एसीई किंवा एआरबी गटातल्या गोळ्या, आणि मुळात मधुमेहासाठी आलेल्या, पण 2020 च्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीनंतर किडनीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या एसजीएलटी-2 गटातल्या गोळ्या, यांनी किडनीचा ऱ्हास मंदावतो हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. आतड्याच्या कुठल्याही उपायाकडे इतका पुरावा नाही. चोथा वाढवला म्हणून या गोळ्या सोडणं म्हणजे छत्री टाकून पावसात रुमाल धरणं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र यांतल्या काही दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात. कुठल्या, ते आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, कोळसा आणि बाकी दुकान

प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो. प्रोबायोटिकवर, म्हणजे पोटात घ्यायच्या जिवंत जिवाणूंवर, बऱ्याच छोट्या चाचण्या झाल्या. त्यांतली एक जरा नीट केलेली, 2016 साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेली: डायलिसिसपूर्व टप्प्यातल्या 37 रुग्णांना प्रत्येकी 6 आठवडे प्रीबायोटिक (जिवाणूंचं खाद्य) आणि प्रोबायोटिक यांचं मिश्रण दिलं. पॅरा-क्रेसिल सल्फेट कमी झालं, इंडॉक्सिल सल्फेटमध्ये ठोस घट दिसली नाही. रक्तातला आकडा हलला, पण माणसाची किडनी जास्त टिकली का, हे इतक्या थोड्या लोकांवर, इतक्या थोड्या दिवसांत कळणार नाही.

कोळशाच्या दाण्यांची कहाणी जास्त शिकवणारी आहे. इंडोल आतड्यातच शोषून घेणारं एएसटी-120 हे औषध जपानमध्ये 1991 पासून वापरात आहे. तर्क निर्दोष, रक्तातलं विषही कमी होतं. मग सुमारे 2000 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल 2015 साली आले, आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा किडनीचा ऱ्हास काही मंदावला नाही.

तरी प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर तीन महिने घ्या, फरक पडला नाही तर थांबा. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि शरीरात कॅथेटर असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जिवंत जिवाणू पोटात घालू नयेत. दही-ताकासारखे आंबवलेले पदार्थ चालतात, पण दुधातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम हिशेबात धरून.

दाहाच्या बाकीच्या वाटा

सीआरपी वाढला की सगळं खापर आतड्यावर फोडू नका. हिरड्यांतून रक्त येतं का? दंतवैद्याकडे जा, हिरड्यांचा जुना संसर्ग वर्षानुवर्षं दाह तेवत ठेवतो. पायाला न भरणारी जखम, डायलिसिसच्या कॅथेटरचा संसर्ग, तंबाखू, पोटाभोवतीची चरबी, घोरण्याने तुटणारी झोप, यांतलं काही आहे का ते बघा. आठवड्याला एकूण 150 मिनिटं बेताचा व्यायाम आतड्याची हालचालही वाढवतो आणि दाहही उतरवतो.

फेरतपासणी

चोथा वाढवायला लागल्यापासून दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासा. पहिल्या पायरीत लिहिलेले बाकीचे आकडे तीन महिन्यांनी. काय बदलावं अशी अपेक्षा ठेवायची? शौचाची वही पहिल्या महिन्यातच सुधारायला हवी. बायकार्बोनेट थोडं चढू शकतं, फॉस्फरस आणि युरिया थोडा उतरू शकतो. क्रिएटिनीन तिथल्या तिथे राहिलं तर निराश होऊ नका, या आजारात न वाढणं हीच कमाई असते. मांस एकदम कमी केलं आणि क्रिएटिनीन जरासं उतरलं, तर त्यावर लगेच पेढे वाटायची घाई नको. शिजवलेल्या मांसातूनही क्रिएटिनीन रक्तात येतं, आणि स्नायू झिजले तरी तो आकडा कमी दिसतो. म्हणून दर आठवड्याला वजन करा, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, तेही बघत चला.

मलात रक्त, काळा मल, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं बद्धकोष्ठ, कारण नसताना उतरणारं वजन, किंवा पोट फुगून वायूही सरेनासा झाला, तर वही, चोथा, गुणोत्तर सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत धडधड, पायांतली ताकद अचानक गेल्यासारखं वाटणं, लघवी एकदम कमी होणं, यांसाठीही तेच. जाताना शेवटचा पोटॅशियमचा अहवाल आणि औषधांची पिशवी सोबत न्या.